दुसऱ्यांदा अर्ज करण्याआधी

“मागच्या वर्षी एमबीएसाठी प्रयत्न केला, कुठेच झाले नाही. यंदा पुन्हा अर्ज केला तर काही उपयोग होईल का?”

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या भागातल्या पदवीधर मुलामुलींचा हा अगदी नेहमीचा प्रश्न आहे. वरवर तो एकच दिसतो, पण त्याच्या पोटात तीन शंका असतात. एकदा नाकारले म्हणजे आपल्या नावापुढे फुली बसली का? दुसऱ्या खेपेला निकाल वेगळा लागेल असे मानायला काही आधार आहे का? तिसरी शंका फारसे कोणी बोलून दाखवत नाही. घरचे अजून एक वर्ष थांबतील का?

या प्रकरणात तिन्हींची उत्तरे पाहू. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. पुन्हा अर्ज करावा की नाही, हे ‘जिद्द किती आहे’ यावर ठरवू नये. मागचा नकार नेमका कोणत्या टप्प्यावर मिळाला आणि त्या टप्प्यावर आपण काय बदलू शकतो, यावर ते ठरवावे. जिद्द लागतेच, पण ती कुठे लावायची हे कळले नाही तर वर्ष वाया जाते.

1. नावापुढे फुली बसते का?

नाही. आयआयएम आणि देशातल्या इतर अनेक संस्थांच्या प्रवेशासाठी कॅट ही परीक्षा असते. ती वर्षातून एकदा, साधारण नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. तिचा स्कोअर त्याच प्रवेशवर्षापुरता धरला जातो. पुढच्या वर्षी तो बाद होतो आणि सगळ्यांची पाटी पुन्हा कोरी होते. परीक्षा किती वेळा द्यावी यावर बंधन नाही, वयाची अटही नाही. पदवीला 50 टक्के गुण लागतात; अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 45 टक्के पुरतात.

राज्याच्या एमबीए सीईटीतही गेल्या वर्षी जागा मिळाली नाही म्हणून यंदा कोणी मागे ढकलले जात नाही. मुलाखतीत मात्र “कॅट कितव्यांदा देताय?” असे विचारले जाऊ शकते. तेव्हा खरे ते सांगावे. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा देणे ही लपवण्याची बाब नाही. पुढचा प्रश्न असतो, “मग या वर्षात काय केले?” आणि उत्तर तयार हवे ते या प्रश्नाचे.

म्हणजे व्यवस्था मागचे वर्ष विसरते. विद्यार्थ्याने मात्र ते विसरून चालत नाही, कारण मागच्या वर्षीची सगळी माहिती फक्त त्याच्याकडे असते.

2. नकार चार प्रकारचा असतो

जून-जुलैत पावसाने ओढ दिली की यवतमाळ जिल्ह्यात दुबार पेरणीची वेळ येते. जाणता शेतकरी लगेच बियाण्याची नवी पाकिटे आणायला धावत नाही. तो आधी तासात बसून माती उकरतो आणि बी पाहतो. बीला मोड येऊन ते करपले का? जास्त ओलीने कुजले का? की बी मुळातच उगवणशक्ती नसलेले होते? करपले असेल तर पावसाची वाट पाहायची. बी खोटे असेल तर वाण बदलायचे. कारण न पाहता तेच बी त्याच कोरड्या मातीत टाकले, तर दुसऱ्यांदा पैसे घालून तोच निकाल पदरात पडतो.

अर्जाचेही असेच आहे. ‘झाले नाही’ या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिला टप्पा: परीक्षेतच पर्सेंटाइल कमी आले.
दुसरा टप्पा: पर्सेंटाइल बरे होते, तरी मुलाखतीचा कॉल आला नाही.
तिसरा टप्पा: कॉल आला, पण मुलाखतीनंतर निवड झाली नाही.
चौथा टप्पा: प्रतीक्षा यादीत नाव होते, पण यादी आपल्यापर्यंत आली नाही, किंवा राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत हवे ते कॉलेज हुकले.

चारही टप्प्यांवरचा उपाय निराळा आहे. ज्याची अडचण मुलाखतीत आहे त्याने आणखी एक वर्ष गणिते सोडवत बसण्यात अर्थ नाही, आणि ज्याला मुळात गुणच कमी पडले त्याने मुलाखतीच्या शिकवणीला पैसे घालू नयेत. आता एकेक टप्पा पाहू.

3. पहिला टप्पा: पर्सेंटाइल म्हणजे काय आणि ते कुठे अडते?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी किती जण तुमच्या मागे आहेत, हे तो आकडा सांगतो. कॅट 2024 ला सुमारे 2 लाख 93 हजार मुले प्रत्यक्ष बसली होती. त्यावरून हिशेब करू.

90 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे सुमारे 29,300 जण.
95 पर्सेंटाइल म्हणजे पुढे सुमारे 14,650 जण.
99 पर्सेंटाइल म्हणजे पुढे सुमारे 2,930 जण.

आता लक्षात येईल की 90 वरून 95 वर जाणे म्हणजे ‘पाचच गुणांचा फरक’ नव्हे. साडेचौदा हजार जणांच्या पुढे जायचे असते. म्हणून “थोडक्यात हुकले” असे म्हणताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. त्याने निराश होऊ नये, पण तयारी किती वाढवायची आहे याचा अंदाज घ्यावा.

त्यानंतर स्कोअरकार्डातले विभागवार आकडे पाहावेत. परीक्षेचे तीन विभाग असतात: इंग्रजी वाचन व भाषा, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येकाला 40 मिनिटे मिळतात. एका विभागातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. 2024 ला अनुक्रमे 24, 22 आणि 22 असे 68 प्रश्न होते. बऱ्याच आयआयएममध्ये एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागाचीही किमान रेषा असते. समजा, एखाद्या मुलीला एकूण 94 पर्सेंटाइल आहेत, गणितात 98 आहेत, पण भाषेत 62 आहेत. तिचा एकूण आकडा चांगला असूनही ती विभागाच्या रेषेखाली अडकते. पुढच्या वर्षी तिने गणित 99 वर नेले तरी निकाल बदलणार नाही. तिचे सगळे वर्ष भाषेच्या विभागाला द्यायला हवे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांची अडचण बहुतेक वेळा इथेच असते. भाषेच्या विभागातले 24 पैकी साधारण 16 प्रश्न उताऱ्यांवर असतात. ते व्याकरणाची पुस्तके पाठ करून सुटत नाहीत. उतारे कधी अर्थशास्त्राचे, कधी इतिहासाचे, कधी तत्त्वज्ञानाचे असतात, आणि लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे ते ओळखायचे असते. त्याला उपाय एकच आणि तो स्वस्त आहे. रोज एक मोठा इंग्रजी लेख सलग वाचायचा, आणि वाचून झाल्यावर त्याचा मुद्दा मराठीत दोन ओळींत लिहायचा. दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर लेख समजला नाही असे समजून पुन्हा वाचायचा. ही सवय दोन महिन्यांत फळ देत नाही, सहा-आठ महिने लागतात. म्हणून दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याने ऑगस्टची वाट न पाहता जानेवारीतच सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात, पर्याय असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर 1 गुण जातो. समजा, एकाने पर्यायांचे 40 प्रश्न सोडवले. 25 बरोबर, 15 चूक.

75 वजा 15, म्हणजे 60 गुण.

पुढच्या वर्षी त्याचे ज्ञान तेवढेच राहिले, पण ज्यांची खात्री नाही असे 8 प्रश्न त्याने सोडून दिले. 25 बरोबर, 7 चूक.

75 वजा 7, म्हणजे 68 गुण.

नवे काहीही न शिकता 8 गुण वाढले. सोडलेल्या प्रश्नांचा वेळ वाचून आणखी दोन प्रश्न बरोबर आले तर 74. म्हणून मॉक टेस्ट दिल्यावर फक्त गुण पाहून पुढे जाऊ नये. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाकावा: येत नव्हता, येत होता पण घाईत चुकला, किंवा अंदाजाने मारला. पाच-सहा मॉकनंतर कोणता रकाना भरतोय ते दिसू लागते, आणि अभ्यास कशाचा करायचा ते आपोआप ठरते.

4. दुसरा टप्पा: गुण आले, कॉल का नाही आला?

पुष्कळांना वाटते की कॅटचे पर्सेंटाइल चांगले आले की कॉल येणारच. तसे नसते. कॉल देताना बहुतेक आयआयएम कॅटबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, काही ठिकाणी विद्याशाखा आणि मुलगी असल्याचे अधिक गुण, असा एकत्र हिशेब करतात. प्रत्येक संस्थेचे सूत्र वेगळे असते आणि ती ते दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. अर्ज भरण्याआधी ते वाचणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि पहिल्या खेपेला तेच हमखास राहून जाते.

यात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत. बारावीचे 62 टक्के आता बदलत नाहीत. नोकरीचा अनुभव, कॅटचा स्कोअर आणि संस्थांची निवड मात्र बदलता येते. जे बदलत नाही त्यावर झुरण्यापेक्षा त्याला कमी महत्त्व देणाऱ्या संस्था शोधाव्यात.

बारावीला कमी गुण असलेल्या मुलांसाठी राज्याची सीईटी ही मोठी वाट आहे. तिथल्या गुणवत्ता यादीत मुख्य आधार प्रवेश परीक्षेचा असतो. मुंबईची जमनालाल बजाज संस्था 1965 पासून आहे, सिडनहॅमची सिमसरी 1983 पासून, आणि पुणे विद्यापीठाची पुम्बाही आहे. नावाजलेल्या या संस्थांचा रस्ता सीईटीतून जातो. तिथे 200 प्रश्न आणि 150 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. त्यामुळे कॅटमध्ये प्रश्न सोडण्याची जी शिस्त लागते, ती इथे उलटी पडते. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नये. दोन्ही परीक्षा एकाच पद्धतीने देणारा एका ठिकाणी तरी मार खातो.

आता कागदपत्रांचा विषय. तो नीरस वाटला तरी आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाचा आहे. आयआयएम केंद्राच्या संस्था आहेत. तिथे अनुसूचित जातींना 15 टक्के, जमातींना 7.5 टक्के, नॉन क्रिमीलेअर ओबीसींना 27 टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना 10 टक्के जागा असतात. महाराष्ट्रातले विमुक्त-भटके किंवा एसईबीसी हे प्रवर्ग त्या नावाने तिथे चालत नाहीत. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड भागात मोठ्या संख्येने असलेला बंजारा समाज राज्यात विमुक्त जाती प्रवर्गात आहे, केंद्राच्या यादीत मात्र ओबीसीत येतो. अशा मुलाने राज्याच्या नमुन्यातला दाखला पुढे केला तर तो अडतो. त्याला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला काढावा लागतो. गोंड, कोलाम, आंध या जमाती दोन्हीकडे अनुसूचित जमातींतच आहेत.

कॅटच्या नोंदणीची मुदत संपली की प्रवर्ग बदलून मिळत नाही. एखाद्या मुलाने घाईत ‘खुला’ लिहिले असेल, तर त्याचा नकार बुद्धीशी संबंधित नव्हता, दाखल्याशी होता. त्याने दुसऱ्यांदा अर्ज करायलाच हवा, आणि सेतू केंद्राची फेरी जूनमध्येच उरकून घ्यायला हवी. राज्याच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते सगळ्यांत आधी हाती घ्यावे.

5. तिसरा टप्पा: मुलाखतीत हुकले

इथपर्यंत पोचलेल्या मुलाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परीक्षेने तुम्हाला पात्र ठरवले होते. आता समोरच्यांना तुमच्याशी बोलून पाहायचे होते. तिथे इंग्रजी अडखळले म्हणून गेले, असे मुले सांगतात. काही वेळा ते खरे असते. पण अडखळत का होईना, ज्याला सांगण्यासारखे काही आहे त्याचे ऐकले जाते. सफाईने बोलणारा पण स्वतःच्या गावाबद्दल दोन प्रश्नांत गडबडणारा मागे पडतो.

एक नमुना घेऊ. अर्जात लिहिले आहे: जिल्हा यवतमाळ, वडिलांचा व्यवसाय शेती. समोरून प्रश्न येतो, “कापूस घेता ना? एका क्विंटल कापसातून रुई किती निघते?”

मुलगा म्हणतो, “सर, आमच्याकडे कापूस फार होतो.” हे उत्तर झाले नाही.

आता दुसरे उत्तर पाहा. “साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ 170 किलोची असते, म्हणून एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये होता. म्हणजे एका गाठीमागे शेतकऱ्याच्या हातात 40,550 रुपये यायला हवेत. त्याने खेडा खरेदीत कमी भावाने दिला तर कमी येतात. सरकी विकून जिनिंगवाल्याला काही पैसे परत मिळतात.”

हे सगळे त्या मुलाच्या घरातलेच आहे. वेचणी, ओलावा, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावरची रांग, व्यापाऱ्याने सांगितलेला भाव, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. त्याला फक्त आकड्यांत मांडायचे असते. मग पुढचा प्रश्न येईल: “19 ऑगस्ट 2025 ला केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले. बरोबर केले का?” इथे एकच ‘बरोबर’ उत्तर नाही. कापड गिरणीला माल स्वस्त मिळतो, निर्यातीला बळ मिळते. आणि नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर शेतकऱ्याचा भाव दबतो. दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत कारणासह सांगणारा उमेदवार त्या खोलीत लक्षात राहतो. व्यवस्थापन शिकवणाऱ्यांना पाहायचे असते ते हेच.

म्हणून मुलाखतीत हुकलेल्याने एक वही करावी. त्यात आपला जिल्हा, आपली पदवी, आपले काम आणि ‘एमबीए कशासाठी’ या चार विषयांवरचे प्रश्न लिहावेत. वणी भागातला कोळसा, बोंडअळी, यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग, टिपेश्वरचे वाघ आणि आसपासची शेती, यांतला प्रत्येक विषय प्रश्न होऊ शकतो. उत्तर पाठ करू नये. कोणाला तरी समोर बसवून मोठ्याने बोलून पाहावे. समोरचा मित्र असो, की कॉलेजातले सर. मागच्या मुलाखतीतले आठवतील तेवढे प्रश्न त्याच आठवड्यात लिहून ठेवलेले असतील, तर त्यासारखे साधन नाही.

6. चौथा टप्पा: यादी आपल्यापर्यंत आलीच नाही

प्रतीक्षा यादीत असणे म्हणजे संस्थेला तुम्ही चालत होतात, जागा मात्र पुरल्या नाहीत. अशा उमेदवाराला फार मोठ्या बदलाची गरज नसते. कॅटमध्ये दोन-चार गुणांची वाढ किंवा एक वर्षाचा अनुभव पुरेसा ठरू शकतो. चारही प्रकारांत पुन्हा अर्ज करण्याचे सर्वांत भक्कम कारण याच्याकडे असते.

राज्याच्या कॅप फेऱ्यांत हुकण्याचे कारण पुष्कळदा पसंतीक्रमात सापडते. एक नियम नीट समजून घ्यावा. पहिल्या फेरीत तुमची पहिली पसंती मिळाली, की ती जागा आपोआप कायम होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणून ‘सहज मिळेल’ असे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकणारा स्वतःचेच नुकसान करतो. ज्या क्रमाने मनापासून हवे, त्याच क्रमाने लिहावे. वरच्या पसंतीचे कॉलेज मिळाले नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही.

7. मधले वर्ष कसे घालवावे?

घरी बसून पूर्ण वेळ अभ्यास करावा की नोकरी धरावी? पदवीनंतर लगेच पहिली परीक्षा दिली असेल, तर बहुतेकांना माझा सल्ला नोकरीचा आहे. कारणे सरळ आहेत. कॉल देताना अनुभवाला गुण मिळतात, मुलाखतीत सांगण्यासारखे काही तयार होते, आणि निवड झाली नाही तरी वर्ष रिकामे जात नाही.

नोकरी पुण्या-मुंबईचीच हवी असे नाही. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेब आणि खरेदी पाहणारा, शेतकरी उत्पादक कंपनीत माल एकत्र करून विकणारा, ‘उमेद’ अभियानात बचत गटांसोबत काम करणारी, बँकेच्या तालुका शाखेत पीककर्जाची कागदपत्रे तपासणारी, या सगळ्यांकडे व्यवस्थापनाचा खरा अनुभव असतो. फक्त त्याची नोंद ठेवावी लागते. ‘कंपनीत काम केले’ असे लिहिण्यापेक्षा किती शेतकऱ्यांकडून, किती क्विंटल, कोणत्या अडचणीवर काय उपाय केला, हे लिहावे.

या कामाला साजेसे अभ्यासक्रमही आहेत. अहमदाबादच्या आयआयएममध्ये अन्न व कृषी व्यवसायाचा स्वतंत्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. 1979 मध्ये स्थापन झालेली आणंदची इर्मा ही संस्था ग्रामीण व्यवस्थापन शिकवते. हैदराबादची मॅनेज आणि पुण्याची वैकुंठ मेहता संस्था कृषी व्यवसायासाठी ओळखल्या जातात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या मुलाने फक्त सर्वसाधारण एमबीएच्या रांगेत उभे राहावे आणि इकडे पाहूही नये, हे खरोखर वाईट वाटण्यासारखे आहे.

मार्गदर्शन नागपूर-पुण्याशिवाय मिळत नाही, असेही आता राहिलेले नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातून आलेले राजू केंद्रे यांनी यवतमाळमधून ‘एकलव्य’ हे काम उभे केले. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना देशातल्या नामवंत संस्थांच्या अर्जापासून मुलाखतीपर्यंत सोबत करणे, हा त्याचा गाभा. केंद्रे स्वतः 2021 ला चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. अर्ज कसा लिहावा हे सांगणारे माणूस घरात नसेल तर ते बाहेर शोधावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

8. परदेशी आणि आयएसबीसारख्या संस्थांचा अर्ज

इथे रीत थोडी वेगळी आहे. या संस्था जीमॅट किंवा जीआरईचा स्कोअर घेतात आणि सोबत निबंध व शिफारसपत्रे मागतात. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षे चालतो. बारा महिन्यांत पाच वेळा, सोळा दिवसांचे अंतर ठेवून परीक्षा देता येते. तुमचा मागचा अर्ज संस्थेकडे जपून ठेवलेला असू शकतो. त्यामुळे पुन्हा अर्ज करणाऱ्याला अनेक ठिकाणी थेट विचारतात, “मागच्या वेळेपासून काय बदलले?” तोच निबंध शब्द फिरवून पाठवला तर ते उघड दिसते. नवी जबाबदारी, वाढलेला स्कोअर, जास्त स्पष्ट झालेले ध्येय, यांपैकी निदान एक खरी गोष्ट दाखवता यायला हवी.

आणि कधी कधी बदलायची असते ती संस्थाच. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांना 1950 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने नाकारले. त्यांनी तिथेच धडका न मारता कोलंबिया विद्यापीठात अर्ज केला, कारण गुंतवणुकीवरचे त्यांचे आवडते लेखक बेंजामिन ग्रॅहम तिथे शिकवत होते. 1951 मध्ये ते तिथून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले. आपल्याला नेमके काय शिकायचे आहे हे माहीत असले, की नकारानंतर पुढे कुठे जायचे तेही कळते.

9. कितव्यांदा थांबावे?

दुसरा प्रयत्न करावा, जर अडलेला टप्पा ओळखता आला असेल आणि तिथे काही बदलणे शक्य असेल. तिसरा करावा, जर दुसऱ्यात स्पष्ट वाढ झाली असेल. म्हणजे 80 चे 92 झाले, किंवा कॉल नव्हता तो आला. दोन वर्षे आकडा जागचा हलला नसेल, तर परीक्षा किंवा मार्ग बदलावा. सिम्बायोसिसची स्नॅप आणि एनमॅट यांत एकाच वर्षात तीन वेळा परीक्षा देता येते. एकाच दिवसाच्या दडपणाने ज्याचा घात होतो त्याने त्यांचा विचार करावा.

राहिला पैशाचा प्रश्न. जुन्या आयआयएमचे दोन वर्षांचे शुल्क 20 लाखांच्या पुढे जाते, आणि हा आकडा ऐकून कोरडवाहू शेतकऱ्याचे घर हबकते. पण त्यासाठी सातबारा गहाण टाकावा लागतोच असे नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या मुलांना तारण आणि जामीनदार न देता कर्जाची सोय आहे. कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर ठरावीक अटींवर 10 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात 3 टक्के सवलत मिळते. म्हणजे चांगली संस्था मिळाली तर पैसा आडवा येण्याची भीती कमी आहे. जास्त जपायला हवे ते कमी दर्जाच्या खासगी कॉलेजपासून, जिथे ‘निदान एमबीए तरी होईल’ म्हणून घाईत कर्ज काढले जाते. अशा जागेपेक्षा एक वर्ष काम करून पुन्हा अर्ज करणे केव्हाही शहाणपणाचे.

10. एक पान आणि घरातले बोलणे

कॅटचा फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये निघतो. 2025 ला त्याचे शुल्क 2,600 रुपये होते, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 1,300. तो भरण्याआधी एका पानावर चार ओळी लिहाव्यात.

मागच्या वेळी कोणत्या टप्प्यावर थांबलो?
त्याचा पुरावा काय? (स्कोअरकार्ड, कॉलची यादी, मुलाखतीतले प्रश्न)
तेव्हापासून काय बदलले आहे?
निवड झाली नाही तर पुढच्या जूनमध्ये मी काय करत असेन?

तिसरी ओळ कोरी राहिली तर यंदाचा फॉर्म भरू नये. आधी बदल घडवावा. चौथी कोरी राहिली तर निवड होवो न होवो, ते वर्ष काळजीत जाईल.

हे पान आईवडिलांना दाखवावे. “यंदा तरी होईल ना?” हे त्यांनी काळजीपोटीच विचारलेले असते, पण त्याचे उत्तर कोणाकडेच नसते आणि मूल त्याने खचते. त्याऐवजी त्यांनी विचारावे, “यंदा वेगळे काय केलेस?” या प्रश्नाला मुलाकडे ठाम उत्तर असेल, तर त्याला आणखी एक वर्ष निर्धास्तपणे द्यावे. आपल्या जिल्ह्यातला कापूस कोणत्या भावाने जाणार, इथे कोणता कारखाना येणार, शेतकरी कंपन्यांना भांडवल मिळणार की नाही, असे निर्णय व्यवस्थापन शिकलेली माणसे घेत असतात. त्यांच्यात इथली मुले बसायला हवीत, आणि त्यासाठी एक वर्ष जास्त लागले तर ते महाग नाही.